अल-जब्र उरला, मुकाबला कुठे गेला?

सातवी-आठवीच्या गणितात एक छोटासा नियम असतो. बैजिक राशींची बेरीज करताना सजातीय पदं एकत्र करायची आणि विजातीय पदं जशीच्या तशी वेगळी ठेवायची. ३क्ष आणि ५क्ष मिळून ८क्ष होतात. ३क्ष आणि ५ मात्र मिळत नाहीत, ते ३क्ष + ५ असेच राहतात. सर फळ्यावर दोन उदाहरणं सोडवतात, मुलं वहीत दहा सोडवतात, आणि धडा पुढे सरकतो. एवढ्याशा नियमाला हजार-बाराशे वर्षांचा इतिहास आहे हे कुणी सांगत नाही. माझ्या हाती तो भाषेच्या वाटेने आला.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. उर्दू माध्यमाच्या बऱ्याच शाळा सातवीलाच संपतात. आठवीत मुलं-मुली मराठी माध्यमात येतात आणि गणितापेक्षा गणिताची भाषा त्यांना अडते. चल, सहगुणक, बैजिक राशी, सजातीय पद. हे शब्द घेऊन ती गणिताच्या सरांकडे जायला लाजतात, माझ्याकडे येतात. 'सजातीय'चा अर्थ मी 'हमजिन्स' असा सांगते, एकाच जिन्सचे. मराठीलाही हा शब्द परका नाही. किराणामालाच्या यादीतला 'जिन्नस' तोच, अरबीतून फारसीमार्गे आलेला. पुढे अल-ख्वारिज्मींच्या पुस्तकात नेमक्या याच नियमाच्या ठिकाणी 'अजनास' हा शब्द दिसला, म्हणजे जिन्सचं अनेकवचन, तेव्हा मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं.

मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिज्मी नवव्या शतकाच्या पूर्वार्धात बगदादमध्ये, बैतुल हिकमामध्ये काम करत होते. खलीफा अल-मामून यांच्या कारकिर्दीत (८१३ ते ८३३) त्यांनी एक पुस्तक लिहिलं: 'अल-किताब अल-मुख्तसर फी हिसाब अल-जब्र वल-मुकाबला'. जब्र आणि मुकाबला यांच्या हिशेबाचं संक्षिप्त पुस्तक. हेतू त्यांनी प्रस्तावनेतच सांगितला आहे. वारसा, वसिय्यत, वाटण्या, खटले, व्यापार, जमिनीची मोजणी, कालव्यांची खोदाई अशा कामांत लोकांना रोज लागणारा सोपा हिशेब त्यांना द्यायचा होता.

उर्दू वाचणाऱ्याला हे नाव जरा विचित्र वाटतं. उर्दूत जब्र म्हणजे जबरदस्ती आणि मुकाबला म्हणजे लढत. पुस्तक गणिताचं आहे की आखाड्याचं? पण अरबीत जब्रचा एक जुना अर्थ मोडलेलं हाड बसवणं असा आहे, तुटलेलं जोडून पुरं करणं. समीकरणाच्या एका बाजूला 'वीस कमी' असं काही असेल तर तेवढं दोन्ही बाजूंना मिळवून ती उणीव भरून काढायची, हा जब्र. मुकाबला म्हणजे समोरासमोर आणणं. आपला 'सामना'ही मुळात 'समोर'च की. एकाच जिन्सची रक्कम समीकरणाच्या दोन्ही बाजूंना असेल तर त्या दोन्ही समोरासमोर उभ्या करायच्या, लहान ती मोठीतून वजा करायची आणि उरेल ते एकाच बाजूला ठेवायचं. आज आपण ज्याला सजातीय पदं एकत्र करणं म्हणतो, त्याचा दोन्ही बाजूंवर चालणारा अर्धा भाग म्हणजे हा मुकाबला. उरलेला अर्धा, एकाच राशीतली सजातीय पदं मिळवण्याचा, त्यांच्या पुस्तकात वेगळ्या प्रकरणात येतो. त्या प्रकरणाचं नाव 'बाब अल-जम्अ वल-नुक्सान', मिळवणं आणि कमी करणं. यातले जमा आणि नुकसान आपण मराठीत रोज वापरतो. 'वजा', 'बाकी' आणि 'हिशेब' हेही अरबीच. 'पाच अधिक सात वजा तीन' म्हणताना आपण अर्धं संस्कृत आणि अर्धं अरबी बोलत असतो.

या पुस्तकात क्ष नाही, य नाही, बेरजेचं चिन्ह नाही. आकडेसुद्धा शब्दांत लिहिलेले आहेत. याच माणसाने हिंदी अंकांवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं होतं, त्यामुळे याची गंमत वाटते. बीजगणितात त्यांना तीनच जिन्स लागतात. एक 'माल', म्हणजे वर्ग. या शब्दाचा साधा अर्थ धन, मालमत्ता. दुसरा 'जज़्र', म्हणजे मूळ. उदाहरणं सोडवताना त्यालाच ते बऱ्याचदा 'शै' म्हणतात, एक वस्तू, अजून ओळख न पटलेली. तिसरा नुसती संख्या, जिला ते दिरहम म्हणतात. आपला क्षवर्ग, आपला क्ष आणि आपली स्थिर संख्या.

त्यांचं एक उदाहरण सोडवून दाखवते, म्हणजे जब्र कुठे संपतो आणि मुकाबला कुठे सुरू होतो ते दिसेल. दहाचे असे दोन भाग करा की दोघांच्या वर्गांची बेरीज ५८ होईल. एक भाग शै धरा, दुसरा दहा वजा शै. पहिल्याचा वर्ग एक माल. दुसऱ्याचा वर्ग शंभर आणि एक माल वजा वीस शै. दोन्ही मिळवले की दोन माल आणि शंभर, वजा वीस शै, हे सगळं ५८ दिरहमांबरोबर. इथे दोन माल एकाच जिन्सचे म्हणून एकत्र झाले, शंभर मात्र एकटाच राहिला. आता जब्र. डावीकडे वीस शै कमी आहेत, ते दोन्ही बाजूंना भरा. दोन माल आणि शंभर बरोबर ५८ आणि वीस शै. सगळ्यांचं निम्मं करा. एक माल आणि पन्नास बरोबर २९ आणि दहा शै. आता डावीकडे ५० दिरहम आहेत आणि उजवीकडे २९ दिरहम. दोन्ही दिरहम, एकच जिन्स. आणा समोरासमोर. २९ दोन्हीकडून गेले, डावीकडे २१ उरले. एक माल आणि २१ बरोबर दहा शै. हे त्यांनी सांगितलेल्या सहा प्रकारांपैकी एक आहे आणि त्याची रीत त्यांनी आधीच दिलेली आहे. उत्तर ३ आणि ७. ताळा करा, ९ आणि ४९ मिळून ५८.

मुकाबला झाल्याशिवाय हे उदाहरण कुठल्याही प्रकारात बसत नाही. कितीही गुंतागुंतीचं समीकरण असो, प्रत्येक जिन्स एकदाच आणि एकाच बाजूला उरला की ते सहापैकी कुठल्या तरी एका साच्यात येतं आणि रीत ठरून जाते. सगळ्या पुस्तकाची मदार यावर आहे.

मी पुन्हा पुन्हा वाचलेलं ते पान बेरजेच्या प्रकरणात आहे. अल-ख्वारिज्मींना प्रत्येक गोष्टीचा पुरावा आकृती काढून द्यायची सवय. वर्ग म्हणजे चौरस, मूळ म्हणजे त्याची बाजू, अशी. पण एका ठिकाणी ते अडतात. बेरीज अशी आहे: शंभर आणि एक माल वजा वीस जज़्र, त्यात पन्नास आणि दहा जज़्र वजा दोन माल मिळवायचे. ते म्हणतात, याची आकृती नीट निघत नाही, कारण इथे तीन वेगवेगळे जिन्स आहेत: माल, जज़्र आणि संख्या. एक आकृती करून पाहिली होती, पण ती समजायला सोपी झाली नाही, हेही ते सांगून टाकतात. मग म्हणतात की शब्दांत मात्र हे अगदी सोपं आहे, आणि एकेक जिन्स घेऊन जातात. शंभर आणि पन्नास मिळून दीडशे. वीस जज़्र कमी होते, त्यात दहा आले, दहा कमी राहिले. माल एक होता, दोन कमी करायचे, एक कमी राहिला. उत्तर: दीडशे, वजा एक माल, वजा दहा जज़्र.

आठवीतल्या कुठल्याही मुलीच्या वहीत हे उदाहरण आज सापडेल. मला जास्त मोलाचा वाटतो तो त्यांचा प्रांजळपणा. आकृती जमत नाही, शब्दांनी जमतं, इतकं सरळ सांगणारं पाठ्यपुस्तक आजही क्वचित मिळतं. आणि इथे बीजगणित भूमितीचा हात सोडून स्वतःच्या पायांवर उभं राहिलेलं दिसतं. चौरसातून रेषा वजा करता येत नाही. जिन्स ओळखून शब्दांत मात्र ती करता येते.

त्यांच्यानंतर बगदादच्याच परंपरेतल्या अल-करजी आणि अस-समवअल यांनी हे काम पुढे नेलं. समवअल बाराव्या शतकातले, जन्माने यहुदी, नंतर इस्लाम स्वीकारलेले. 'अल-बाहिर' हा ग्रंथ त्यांनी एकोणिसाव्या वर्षी लिहिला असं मानतात. त्यात त्यांनी घातांकांचे रकाने आखले. वर्गाचा रकाना, घनाचा रकाना, संख्येचा रकाना, आणि प्रत्येक रकान्यात फक्त सहगुणक. आपली उभी मांडणी ती हीच. रकाने सरळ असले की चूक होत नाही.

आता एक वर्गातली तक्रार. सजातीय पदं शिकवताना आपण आंबे आणि केळी आणतो. तीन आंबे आणि दोन केळी मिळून पाच काय? पहिल्या दिवसासाठी ठीक आहे, पण यातून मुलांना वाटतं की क्ष म्हणजे आंबा. मग हुशार मुलगी विचारते, 'मॅडम, क्ष पण संख्या, पाच पण संख्या. दोन्ही संख्याच, मग मिळवायचं का नाही?' प्रश्न रास्त आहे आणि आंब्याकडे त्याचं उत्तर नाही. अल-ख्वारिज्मींच्या मांडणीत आहे. माल, शै आणि दिरहम या तिन्ही शेवटी संख्याच आहेत. शैची किंमत तीन आहे हे कळलं की माल नऊ दिरहम, शै तीन दिरहम, आणि सगळी बेरीज एका दमात होते. किंमत कळेपर्यंत मात्र एका शैमध्ये किती दिरहम आहेत हे ठाऊक नाही, म्हणून दोघांना मिळवता येत नाही. 'सजातीय' शब्दातली ही जात जन्मभराची नसते, उत्तर मिळेपर्यंतच असते. आपल्या समाजात या शब्दाला जे वजन आहे ते पाहता मुलांना एवढं सांगून ठेवलेलं बरं.

पुस्तकाचा जवळजवळ अर्धा भाग वारसा आणि वसिय्यत यांच्या उदाहरणांचा आहे. गणिताचे इतिहासकार तो भाग बऱ्याचदा घाईने उलटतात. मला तो सर्वांत जिवंत वाटतो. एक माणूस मरतो. मागे दोन मुलं आहेत. त्याने एका परक्या माणसाला मालमत्तेचा तिसरा हिस्सा द्या अशी वसिय्यत केली आहे. रोख दहा दिरहम आहेत, आणि एका मुलाकडे दहा दिरहम कर्ज येणं आहे. कोणाला किती? या उदाहरणात असं धरलं आहे की कर्जदार मुलाकडून वसूल धरायचं ते त्याच्या वाट्याइतकंच. तो वाटा आपल्याला ठाऊक नाही, म्हणून तो शै. एकूण मालमत्ता दहा आणि एक शै. तिसरा हिस्सा वसिय्यतीत गेला. उरलं त्याचे दोन भाग, म्हणजे प्रत्येक मुलाला पुन्हा एकूणाचा तिसरा हिस्साच: सव्वातीनहून किंचित जास्त, म्हणजे तीन पूर्णांक एक तृतीयांश दिरहम, आणि एक तृतीयांश शै. कर्जदार मुलाचा हाच वाटा म्हणजे शै. दोन्ही बाजूंना शै आहेत, समोरासमोर आणा. एक शैमधून एक तृतीयांश गेला, दोन तृतीयांश उरला, तो तीन पूर्णांक एक तृतीयांशाबरोबर. शै पाच. परक्याला पाच, दुसऱ्या मुलाला पाच, आणि कर्जदाराचा पाचांचा वाटा त्याच्या कर्जातच फिटला.

कर्ज, वसिय्यत आणि वाटा हे तीन वेगळे जिन्स आहेत आणि ते एकमेकांत मिसळायचे नाहीत, यावर इल्मे फराइज उभं आहे. सूरह निसामध्ये वाटे अपूर्णांकांत ठरवून दिले आहेत: निम्मा, चौथाई, आठवा, दोन तृतीयांश, एक तृतीयांश, सहावा. आणि हे सगळं वसिय्यत व कर्ज बाजूला काढल्यानंतर. काझीला बीजगणित लागायचं ते यासाठी.

आपल्या घरांत हा हिशेब कसा होतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. बाप जातो. मागे एक मुलगा, एक मुलगी, समजा दुसरा कुणी वारस नाही. कर्ज फेडून नऊ लाख उरले. बहिणीचा वाटा शै, भावाचा दोन शै, तीन शै बरोबर नऊ लाख. बहिणीचे तीन लाख. उदाहरण इथे संपायला हवं. पण मग घरातलं कुणी मोठं माणूस तोंडी हिशेब मांडतं. तिच्या लग्नाला इतका खर्च झाला. जहेजमध्ये फ्रिज आणि कपाट दिलं होतं. दर ईदला कपडे जातात, बाळंतपण माहेरीच झालं. हे सगळं वजा केलं तर तिचं निघतंय तरी काय? आणि हक्कसोडपत्रावर सही होते. हयातीत बापाने मुलीला जे दिलं ती हिबा, देणगी. ती त्याच दिवशी संपली. भावाने ईदला पाठवलं ते भावाचं प्रेम. मरणानंतरचा वाटा तिसराच जिन्स. यातलं एकही पद दुसऱ्यातून वजा होत नाही. आठवीच्या वहीत ३क्ष + ५ = ८क्ष लिहिलं तर आपण लाल शाईने काट मारतो. इथे काट मारायला कुणी बसलेलं नसतं, उलट शेजारी मौलवी साहेब चहा घेत असतात. मला माझ्या वाचकांशी भांडायचं नाही, पण जब्र वल-मुकाबला आपल्या पूर्वजांनी दिलं असं छाती फुगवून सांगणाऱ्यांनी त्या पुस्तकाचा दुसरा अर्धा भागही वाचावा.

त्या छाती फुगवण्याबद्दलही थोडं बोलायला हवं. व्हॉट्सॲपवर दोन निरोप फिरत असतात. एक म्हणतो बीजगणित मुसलमानांनी शोधलं, दुसरा म्हणतो ते सगळं संस्कृत ग्रंथांतून चोरलं. सजातीय पदांच्या नियमापुरतं बघितलं तर चित्र निराळं आहे. अलेक्झांड्रियाच्या डायोफँटसने तिसऱ्या शतकाच्या आसपास ग्रीकमध्ये लिहिलं आहे की समीकरणाच्या दोन्ही बाजूंना सारख्या जातीच्या राशी असतील तर सारखी सारखीतून वजा करत जा. भिल्लमालच्या ब्रह्मगुप्तांनी ६२८ साली ब्राह्मस्फुटसिद्धान्तात नियम दिला की अव्यक्त, वर्ग, घन यांपैकी सारख्यांचीच बेरीज-वजाबाकी होते, वेगळी असतील ती वेगळी ठेवायची. अल-ख्वारिज्मींच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधी. हे मोकळेपणाने मान्य करायला आपल्याला जड जाऊ नये. शिवाय ब्रह्मगुप्त ऋण संख्या बिनदिक्कत वापरतात. अल-ख्वारिज्मी कुठल्याही समीकरणाचं ऋण उत्तर घेत नाहीत. दुसरीकडे, सहा साचे, प्रत्येकाची रीत, रीतीचा पुरावा, आणि बाजारापासून काझीच्या दारापर्यंत त्याचा वापर, असा एक स्वतंत्र विषय उभा करणं हे बगदादचं काम. नियम कोणाचा आणि विषय कोणाचा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. फॉरवर्ड करणारे ते मिळवून टाकतात.

ब्रह्मगुप्तांचा धागा महाराष्ट्रात येतो तो भास्कराचार्यांमुळे. ११५० सालच्या सिद्धान्तशिरोमणीतल्या बीजगणितात त्यांनी हाच नियम थोडक्यात सांगितला आहे: समान जातीच्यांची बेरीज आणि वजाबाकी, भिन्न जातीचे पृथक्. त्यांच्याकडे चिन्हं आहेत. पहिलं अव्यक्त यावत्-तावत्, त्याचं 'या'. पुढची अव्यक्तं रंगांच्या नावांची, काळं 'का', निळं 'नी', पिवळं 'पी', लाल 'लो'. नुसती संख्या 'रू', रूप. संख्या ऋण असेल तर डोक्यावर टिंब. त्यांचं पहिलंच उदाहरण असं की एक 'या' आणि एक 'रू', यांत दोन 'या' उणे आठ 'रू' मिळवा. उत्तर 'या' तीन, 'रू' सात, आणि सातावर टिंब. 'रू'ला क्षणभर रुपये समजून वाचलं तर बगदादचे दिरहमच समोर येतात.

त्यांचं घोड्यांचं उदाहरण मला फार आवडतं. एकाकडे सहा घोडे आणि तीनशे रूपं. दुसऱ्याकडे तेवढ्याच किमतीचे दहा घोडे, पण शंभर रूपांचं कर्ज. दोघे सारखेच श्रीमंत. घोड्याची किंमत काय? घोडे घोड्यांतून काढा, चार उरले. रूपं रूपांशी, तीनशेत शंभर मिळाले, चारशे. एक घोडा शंभराचा. दोन्ही बाजूंतून सारखं काढण्याच्या या कृतीला 'समशोधन' म्हणतात. मुकाबल्याला यापेक्षा चांगला मराठी शब्द मला माहीत नाही.

भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ काढला. त्या मठाचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला सापडला. १८६५ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो प्रकाशात आणला. तेराव्या शतकाच्या सुरुवातीच्या त्या लेखाचा शेवटचा भाग मराठीत आहे, आणि त्यात बाजारातल्या मालासाठी 'केणें' हा जुना शब्द आला आहे. पुढे त्याच्या जागी आपण 'जिन्नस' आणि 'माल' म्हणू लागलो. दोन्ही शब्द अल-ख्वारिज्मींच्या बीजगणितातले.

युरोपात काय झालं ते थोडक्यात. ११४५ साली चेस्टरच्या रॉबर्टने स्पेनमधल्या सेगोव्हियात अल-ख्वारिज्मींचं पुस्तक लॅटिनमध्ये आणलं. सुरुवातीला लॅटिन शीर्षकांत 'अल्जेब्रा' आणि 'अल्मुकाबला' असे दोन्ही शब्द असत. मग दुसरा शब्द गळाला. अल्जेब्रा एकटा उरला आणि सगळ्या विषयाचं नाव झाला. स्पॅनिशमध्ये तर 'अल्जेब्रिस्ता' म्हणजे हाडवैद्य असाही अर्थ राहिला. मुकाबला मात्र कुठल्याही युरोपीय भाषेत टिकला नाही. उर्दूत तो राहिला, पण क्रिकेटच्या बातम्यांत.

इकडे हिंदुस्थानात दोन्ही परंपरांची गाठ फारसीत पडली. अकबर बादशहाच्या सांगण्यावरून फैजीने १५८७ मध्ये लीलावतीचं फारसी भाषांतर केलं. आणि १६३४-३५ मध्ये अताउल्लाह रुश्दी यांनी भास्कराचार्यांचं बीजगणित फारसीत आणलं आणि ते शहाजहानला अर्पण केलं. हे अताउल्लाह म्हणजे ताजमहालाचे मुख्य वास्तुकार मानले जाणारे उस्ताद अहमद लाहोरी यांचे पुत्र. गवंडीकामाच्या घराण्यातल्या माणसाला बीजगणिताची ओढ असावी यात नवल नाही. मापं, प्रमाणं आणि खर्च यांचा हिशेब त्यांच्या हाताखालून रोज जात असणार.

पुढे हेच अताउल्लाह दख्खनमध्ये आले. औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा त्यांचं काम. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू १६५७ मध्ये वारली, तिची ही कबर. मुख्य दरवाज्यावर दोन नावं कोरलेली आहेत: वास्तुकार अताउल्लाह आणि अभियंता हंसपत राय. सहलीच्या बसमधून उतरणारी मुलं त्या दरवाज्यातून थेट फोटो काढायला आत धावतात. तिथून कन्नडचा घाट उतरून चाळीसगावच्या बाजूला गेलं की पाटण, चांगदेवांचा मठ जिथे होता ते गाव. बीजगणित फारसीत आणणाऱ्याची इमारत आणि ते शिकवणारा मठ यांच्यात फक्त एक घाट आहे. सहल काढायचीच तर दोन्ही एका दिवसात होतात, हे मी शाळेत सांगून पाहिलं आहे.

इंग्रजांनी भास्कराचार्यांचं बीजगणित पहिल्यांदा वाचलं तेही अताउल्लाहांच्या फारसीतूनच. एडवर्ड स्ट्रेचीचं ते इंग्रजी पुस्तक लंडनला १८१३ मध्ये छापलं गेलं. थेट संस्कृतवरून केलेलं कोलब्रुकचं भाषांतर १८१७ मध्ये आलं. अल-ख्वारिज्मींना इंग्रजीत यायला १८३१ उजाडावं लागलं, फ्रेडरिक रोझेन यांच्या हातून. इंग्रजी शालेय पुस्तकांत समान जाती आणि हमजिन्स या दोन्हींच्या जागी एकच साधा शब्द बसला: 'लाइक'. आमच्या शाळेत आता सेमी-इंग्रजीचे वर्ग आहेत. तिथे 'लाइक टर्म्स' फळ्यावर लिहिलं की पहिल्या बाकावरची दोन-तीन मुलं अंगठा वर करतात.